रूट फाइल सिस्टीम दर बूटला रीड-ओन्लीच येते: तपासणी कुठून सुरू करायची

रूट म्हणजे लिनक्सची मुख्य फाइल सिस्टीम, आणि माउंट म्हणजे फाइल सिस्टीम वापरासाठी जोडणं. रीड-ओन्ली म्हणजे वाचता येतं, लिहिता येत नाही. खालच्यांपैकी एक जरी खूण तुमच्या लिनक्स मशीनवर दिसत असेल, तर पुढचं वाचा.

- लॉगिनची खिडकी येते, पासवर्ड बरोबर असतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा तीच खिडकी समोर.
- लॉगिन होतं, पण कुठलीही फाइल सेव्ह करायला गेलं की 'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम' असा नकार मिळतो.
- मशीन सुरू होताना 'फेल्ड टू स्टार्ट रीमाउंट रूट अँड कर्नल फाइल सिस्टम्स' ही ओळ भर्रकन सरकून जाते.
- सुडो (तात्पुरते अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) चालत नाही, आणि फाइल सिस्टीमवर 'नोसुइड' (असे अधिकार मिळू न देणारा ऑप्शन) लावलंय का, असं तोच उलट विचारतो.
- सगळं सुरळीत चालतं, पण एफएसटॅबमध्ये (माउंटचे ऑप्शन लिहायच्या फाइलीत) लिहिलेला ऑप्शन प्रत्यक्षात लागलेलाच नसतो.
- हाताने रीमाउंटची कमांड मारली की दिवस निघतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ही शेवटची खूण मला सर्वांत जास्त भेटते. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांच्या ऑफिसात जॅकार्डची डिझाइनं ठेवायला एखादं जुनं मशीन लिनक्स टाकून फाइल सर्व्हर केलेलं असतं. त्याच्या मॉनिटरला चिठ्ठी चिकटवलेली असते, त्यावर कमांड. सकाळी जो आधी येईल त्याने ती टाइप करायची. "कमांड मारली की चालतंय की ओ अण्णा, कशाला हात लावताय?" असं वर ऐकवतात. चालतं हे खरं. पण ज्या दिवशी ती चिठ्ठीवरची कमांडच नकार देते, त्या दिवशी सगळं डिझाइन खातं हातावर हात ठेवून बसतं.

एक सूचना. कमांड आणि ऑप्शन इथे आपण बोलतो तसे लिहिलेत. मशीनवर ते रोमन छोट्या अक्षरांत टाइप करा, आणि 'बरोबर'च्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नका.

रूट दोनदा माउंट होते, हे कळलं की अर्धं काम झालं

माउंटचे ऑप्शन एटीसी (ई-टी-सी) फोल्डरमधल्या एफएसटॅब फाइलीत लिहायचे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ती फाइल स्वतः रूटवरच असते. म्हणजे ती वाचायची तर रूट आधी माउंट झालेली हवी. कुलूपाची किल्ली आतच राहिली, तसा हा प्रकार. म्हणून कर्नल (लिनक्सचा गाभा) किंवा इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणारी छोटी तात्पुरती सिस्टीम) पहिल्यांदा रूट माउंट करतं ते एफएसटॅबकडे न बघता. त्या वेळचे ऑप्शन कर्नलच्या कमांड लाइनवरून येतात. 'आरओ' (फक्त वाचायचं) किंवा 'आरडब्ल्यू' (वाचायचं आणि लिहायचं) हा शब्द, आणि बाकी काही हवं असेल तर 'रूटफ्लॅग्ज='.

डेबियन आणि उबंटूत ग्रब (बूटला कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम) इथे 'आरओ' पाठवतो. तो बिघाड नाही, मुद्दाम केलेलं आहे. रीड-ओन्ली असलेल्या फाइल सिस्टीमवर एफएसचेक (फाइल सिस्टीम तपासणारा प्रोग्राम, टाइप करताना एफ-एस-सी-के) सुरक्षितपणे चालवता येतं. तपासणी झाली की सिस्टमडीची (बूटला सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) 'रीमाउंट-एफएस' ही सर्व्हिस एफएसटॅबमधली रूटची ओळ वाचते आणि त्या ऑप्शनांसह रूट पुन्हा माउंट करते. या दुसऱ्या फेरीतच ती लिहिण्याजोगी होते.

आता बिघाड कुठे होतो ते उघड आहे. एफएसटॅबच्या रूटच्या ओळीत एक चुकीचं अक्षर असलं तरी दुसरी फेरी सपशेल फसते, आणि रूट पहिल्या फेरीतल्या अवस्थेत, म्हणजे रीड-ओन्ली, अडकून राहते. मशीन सुरू झालेलं दिसतं म्हणून लोक डिस्कला दोष देतात. बहुतेक वेळा डिस्क निर्दोष असते.

काहीही उघडण्याआधी एक प्रश्न

मशीन सुरू झाल्यापासूनच रीड-ओन्ली आहे, की काम करता करता मध्येच झालं?

सुरू झाल्यापासून असेल तर ऑप्शनांची चूक धरून चाला आणि खालच्या क्रमाने जा. सकाळी नीट चालत होतं आणि दुपारी साडेतीनला अचानक सेव्ह होईना झालं, तर हा वेगळा आजार आहे. डिस्कवर चूक सापडली म्हणून कर्नलने स्वतःहून दार लावून घेतलंय. तेव्हा मधलं सगळं सोडून थेट 'मध्येच रीड-ओन्ली झालं तर' या भागाकडे जा, आणि मशीन रीस्टार्ट करू नका. रूट रीड-ओन्ली असताना त्या बूटचे लॉग डिस्कवर उतरत नाहीत, मेमरीतच राहतात. रीस्टार्ट केलं की पुरावा गेला. 'डीमेसेज'चा (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड, टाइप करताना डी-एम-ई-एस-जी) पडदा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

डिस्क भरली आहे का तेही याच वेळी बघून घ्या. 'डीएफ -एच' आणि 'डीएफ -आय', दोन्ही. भरलेल्या डिस्कचा संदेश वेगळा असतो, 'नो स्पेस लेफ्ट'. पण लॉगिनची खिडकी पुन्हा पुन्हा येणं दोन्हींत सारखंच दिसतं. 'आय' यासाठी, की जागा शिल्लक असूनही आयनोड (दर फाइलीमागे लागणारी एक नोंद) संपलेले असू शकतात. लाखभर बारीक फाइली पडलेल्या सर्व्हरवर हे होतं.

काय लागलंय ते बघा, काय लिहिलंय ते नंतर

'फाइंडएमएनटी /' ही कमांड मारा. रूटवर या क्षणी खरोखर लागू असलेले ऑप्शन ती दाखवते. मग 'कॅट /प्रोक/सीएमडीलाइन'. कर्नलला सुरुवातीला काय सांगितलं होतं ते त्यातून कळतं. दोन्ही कमांड काहीही बदलत नाहीत, फुकट आहेत, आणि निम्म्या वेळा इथेच उत्तर मिळतं. एफएसटॅबमध्ये 'नोएटाइम' (फाइल वाचल्याची वेळ नोंदू नको, असं सांगणारा ऑप्शन) लिहिलंय आणि फाइंडएमएनटी 'आरओ, रीलएटाइम' म्हणतंय, म्हणजे दुसरी फेरी झालीच नाही. सीएमडीलाइनमध्ये 'आरडब्ल्यू' आहे आणि तरी रूट रीड-ओन्ली, आणि एफएसटॅबच्या रूटच्या ओळीतही 'आरओ' नाही, तर प्रकरण बहुधा ऑप्शनांचं नाही, डिस्ककडे वळा.

नंतर 'जर्नलसीटीएल -बी -यू सिस्टमडी-रीमाउंट-एफएस'. दुसरी फेरी का फसली ते इथे बहुधा एका ओळीत लिहिलेलं असतं. कर्नलची तक्रार डीमेसेजमध्ये. 'अनरेकग्नाइज्ड माउंट ऑप्शन' किंवा 'अननोन पॅरामीटर' दिसलं तर स्पेलिंगची चूक. 'कॅनॉट चेंज डेटा मोड ऑन रीमाउंट' दिसलं तर ती वेगळी गोष्ट, खाली सविस्तर आहे.

एफएसटॅबची ओळ बोट ठेवून वाचा

ओळीत सहा रकाने असतात: डिस्क, माउंटची जागा, फाइल सिस्टीमचा प्रकार, ऑप्शन, डंप, आणि एफएसचेकचा क्रम. रकाने जागेने किंवा टॅबने वेगळे होतात, आणि इथेच घोटाळा होतो. 'डिफॉल्ट्स, नोएटाइम' असं स्वल्पविरामानंतर जागा सोडून लिहिलं, की नोएटाइम ऑप्शनाच्या रकान्यातून घसरून डंपच्या रकान्यात जातं. मराठी लिहिताना ती जागा सोडायची सवय बोटांत असते, आणि नेमकी तीच इथे नडते. स्वल्पविरामाऐवजी टिंब पडणं हा दुसरा नेहमीचा प्रकार. तिसरा म्हणजे चॅटमधून किंवा पीडीएफमधून कॉपी केलेली ओळ. 'रीमाउंट-आरओ'मधली साधी आडवी रेघ लांब रेघ होऊन येते. डोळ्यांना फरक कळत नाही, कर्नलला कळतो. अशा ओळी हाताने टाइप करा, पेस्ट करू नका.

हार्ड डिस्कवरून एसएसडीवर नुकतंच हलवलं असेल तर यूयूआयडी (फाइल सिस्टीमची ओळख सांगणारा लांब क्रमांक) तपासा. 'बीएलकेआयडी' काय दाखवतं आणि एफएसटॅबमध्ये काय आहे, अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. डिस्क जशीच्या तशी क्लोन केली असेल तर यूयूआयडी तोच राहतो. नवीन पार्टिशन फॉरमॅट करून फाइली कॉपी केल्या असतील तर बदलतो. ग्रबची नोंद नवी झाली आणि एफएसटॅबची जुनीच राहिली, तर पहिली फेरी नीट पार पडते आणि दुसरी 'कान्ट फाइंड यूयूआयडी' म्हणत थांबते. उलटा प्रकारही त्रासदायक आहे. क्लोन केल्यावर जुनी आणि नवी डिस्क दोन्ही जोडून ठेवल्या, तर एकच यूयूआयडी दोघींवर असतो, आणि कोणती माउंट होईल याचा भरवसा नाही. जुनी काढून ठेवा.

शेवटच्या रकान्यात ईएक्सटी४ या प्रकारच्या रूटसाठी १, बाकीच्यांसाठी २ असतं. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या प्रकारांना ०.

हे सगळं डोळ्यांनी झाल्यावर 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवा. डोळ्यांतून सुटलेल्या बऱ्याच चुका ते पकडतं, सगळ्या मात्र नाही.

चिठ्ठीवरची कमांड कधी कधी का चालत नाही

ओळ दुरुस्त करायची तर रूट लिहिण्याजोगी हवी. लोक 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' मारतात आणि पुन्हा तीच एरर येते. कारण नुसती जागा दिली, की माउंट स्वतः एफएसटॅब उघडतो, त्यातले ऑप्शन तुमच्या ऑप्शनांत मिसळतो आणि मग रीमाउंट करतो. चुकीची ओळ पुन्हा आडवी येते.

त्यावर उपाय, डिस्कचं नाव आणि जागा दोन्ही द्यायचं:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /डेव्ह/एसडीए२ /

दोन्ही दिलं की एफएसटॅब वाचला जात नाही. एसडीए२च्या जागी तुमच्या डिस्कचं नाव, जे फाइंडएमएनटीच्या 'सोर्स' रकान्यात दिसतं. एनव्हीएमई असेल तर नाव लांबलचक असतं, जसंच्या तसं लिहा. मग नॅनोने (साधा टेक्स्ट एडिटर) एफएसटॅब दुरुस्त करा, आधी त्याची एक प्रत शेजारी ठेवून. 'सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड' करा, आणि रीस्टार्ट करायच्या आधी साधं 'माउंट -ओ रीमाउंट /' मारून बघा. हे मुद्दाम एफएसटॅब वाचणारं रूप आहे. ते बिनतक्रार गेलं तर बूटलाही बहुधा जाईल. 'बहुधा' का, ते पुढच्याच भागात.

लॉगिनच होत नसेल तर ग्रबच्या यादीत 'ई' दाबा. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' जोडा, 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' काढून टाका म्हणजे संदेश दिसतील, आणि कंट्रोल-एक्स. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, म्हणून घाबरायचं कारण नाही. काम झालं की 'सिंक', मग 'रीबूट -एफ'. 'एक्झिट' करू नका. तो बॅशच पहिला प्रोसेस असतो, बंद झाला की कर्नल पॅनिक.

जे ऑप्शन रीमाउंटने बदलतच नाहीत

वरचं सगळं बरोबर असूनही रूट रीड-ओन्लीच राहत असेल, तर एफएसटॅबमध्ये 'डेटा=' ने सुरू होणारं काही आहे का बघा. ईएक्सटी४चा जर्नल मोड, म्हणजे बदलांची नोंद ठेवायची पद्धत (ऑर्डर्ड, रायटबॅक किंवा जर्नल), पहिल्या माउंटला ठरतो, रीमाउंटने बदलता येत नाही. पहिली फेरी 'ऑर्डर्ड' या मूळ मोडमध्ये होते, दुसऱ्या फेरीत एफएसटॅब 'डेटा=रायटबॅक' मागतो, ईएक्सटी४ नाही म्हणतं, आणि अख्खी रीमाउंट रद्द होते. स्पेलिंग बिनचूक, ऑप्शन खरा, तरी मशीन आडवं. 'एसएसडी वेगवान करा' छापाच्या जुन्या सल्ल्यांमधून ही ओळ आपल्याकडच्या मशीनवर येते. सापडली की माझा पहिला सल्ला ती काढून टाकण्याचा असतो. रायटबॅकमध्ये लाइट गेली तर नव्या लिहिलेल्या फाइलीत डिस्कवरचा जुना कचरा दिसू शकतो. एप्रिल-मेच्या उन्हात, पारा चाळिशीपार असताना, दुपारी लाइट लपंडाव खेळते तेव्हा त्या वेगाचं काय करायचं? 'बॅरियर=०' हा तर त्याहून वाईट.

खरोखर हवाच असेल तर तो पहिल्या फेरीतच द्यायचा, 'रूटफ्लॅग्ज=डेटा=रायटबॅक'. आधी ग्रबच्या 'ई'मधून एकदाच जोडून बूट करून बघा. चाललं तरच एटीसी फोल्डरच्या डिफॉल्ट/ग्रब फाइलीत 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स'च्या (हे नाव मात्र मोठ्या अक्षरांत असतं) अवतरणांत लिहा आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. फेडोरात हेच काम 'ग्रबी' करतं. ती फाइल नुसती सेव्ह करून काहीच होत नाही. अपडेट-ग्रब विसरला म्हणून 'रूटफ्लॅग्ज चालत नाही' असं म्हणणारे बरेच भेटतात.

ऑप्शन राहण्याची एक तिसरी जागाही आहे, फाइल सिस्टीमचा सुपरब्लॉक, म्हणजे तिची स्वतःची माहिती ठेवणारा भाग. 'ट्यून२एफएस -एल' आणि पुढे डिस्कचं नाव दिलं की 'डिफॉल्ट माउंट ऑप्शन्स' नावाची ओळ दिसते. कर्नलच्या लाइनवर नाही, एफएसटॅबमध्ये नाही, तरी ऑप्शन लागलाय, असं दिसलं तर कुणीतरी तिथे लिहून ठेवलाय.

बीटीआरएफएसवर सबव्हॉल्यूमचंही (एकाच फाइल सिस्टीममधला स्वतंत्र माउंट होणारा भाग) असंच. रूट कोणत्या सबव्हॉल्यूमवरून येणार ते पहिल्या फेरीत ठरतं. उबंटूचा ग्रब 'रूटफ्लॅग्ज=सबव्हॉल=@' स्वतःच जोडतो. तुम्ही आणखी एक वेगळी रूटफ्लॅग्ज लिहिली तर नंतरची आधीची पुसून टाकते आणि रूट भलत्याच सबव्हॉल्यूमवरून उघडायला जाते. एकच रूटफ्लॅग्ज ठेवा आणि स्वल्पविराम देऊन त्यातच भर घाला. कॉम्प्रेशनला हा नियम लागू नाही, ते रीमाउंटने चालतं. एक्सएफएसवर रूटला कोटा लावायचा असेल तर तोही रूटफ्लॅग्जमधूनच.

रास्पबेरी पायवर ग्रब नसतो. हे सगळं बूट पार्टिशनमधल्या 'सीएमडीलाइन' नावाच्या टेक्स्ट फाइलीत, एकाच ओळीत जातं. मध्ये एंटर पडला की पुढचं वाचलंच जात नाही.

सुरक्षेच्या नावाखाली लावलेले ऑप्शन

नोसुइड आणि नोएक्झेक हे वेगळ्या डेटा पार्टिशनवर छान. रूटवर लावले की सुडो आणि पासवर्ड बदलायची सोय नोसुइड मारतो, आणि नोएक्झेक तर एकही प्रोग्राम सुरू होऊ देत नाही. दुरुस्ती वरच्यासारखीच, इनिट बॅशमधून. पण इथे डिस्कचं नाव देणं विसरू नका. नुसत्या '/'वर रीमाउंट केलं तर एफएसटॅबमधला नोएक्झेक मिसळला जाईल आणि त्या बॅशमधून नॅनोसुद्धा उघडणार नाही. मग मशीन बटणाने बंद करून इनिट बॅशपासून पुन्हा सुरुवात, किंवा पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स.

नोएटाइमबद्दल

थोडक्यात: लावला तरी चालेल, नाही लावला तरी. कर्नल २.६.३०पासून, म्हणजे २००९पासून, रीलएटाइम (ही वेळ क्वचितच नोंदणारा ऑप्शन) आपोआप लागतो. त्यामुळे बहुतेक मशीनवर डिस्कवरचं जे जादा लिखाण टळायचं ते आधीच टळलेलं आहे. 'डिसकार्ड'ही (मोकळी झालेली जागा एसएसडीला कळवणारा ऑप्शन) तसाच, आठवड्याला चालणारा एफएसट्रिमचा टायमर पुरतो. हे रूटच्या ओळीत कोंबायच्या नादात ओळ बिघडवलेली मी जास्त पाहिलीत, वेग वाढलेला क्वचितच.

मध्येच रीड-ओन्ली झालं तर

डेबियनचा आणि उबंटूचा जुना इन्स्टॉलर ईएक्सटी४च्या रूटला 'एरर्स=रीमाउंट-आरओ' लावून देतो. चूक दिसली की आणखी नासधूस नको म्हणून रूट रीड-ओन्ली होते. हा ऑप्शन काढून 'एरर्स=कंटिन्यू' लिहिणारे आहेत. काढू नका. धुराचा अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढायची नसते.

आधी बॅकअप. रीड-ओन्ली आहे म्हणजे वाचता तर येतंय. पेन ड्राइव्ह लावा, डिझाइनच्या फाइली, बिलांचा डेटा, जे महत्त्वाचं ते आधी बाहेर काढा. मग 'स्मार्टसीटीएल -ए' आणि पुढे डिस्कचं नाव. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती यात दिसते. तीन आकडे पाहायचे: क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न येणारे आणि निकालाची वाट पाहणारे सेक्टर, १९९ म्हणजे केबलवरच्या सीआरसी चुका. फक्त १९९ वाढत असेल तर मशीन बंद करून साटा केबल बदला. डिस्क बदलण्याच्या तुलनेत हा खर्च काहीच नाही, आणि यंत्रमागाच्या शेडशेजारच्या ऑफिसात केबल सैल होणं, कनेक्टरवर सुताची धूळ बसणं हे नवल नाही. आधीचा १९९चा आकडा कमी होत नाही, तो पुढे वाढतो का एवढंच बघायचं.

तिन्ही आकडे शांत असतील तर लाइट जाणं हे कारण धरा आणि यूपीएसची बॅटरी तपासा. दिवा लागतो म्हणजे बॅटरी धरते असं नाही. लोड लावून प्लग काढून बघा. तेही मशीन बंद असताना, टेबल फॅन किंवा बल्ब जोडून.

फाइल सिस्टीम तपासायला कर्नलच्या ओळीत एका बूटपुरतं 'एफएसचेक.मोड=फोर्स' जोडा. रूट चालू मशीनवर लिहिण्याजोगी असताना एफएसचेक कधीच चालवू नका. धडधाकट फाइल सिस्टीम त्याने मोडू शकते. बूटला 'रन एफएसचेक मॅन्युअली' म्हणून थांबलं, तर बॅकअप हातात असेल तरच 'वाय' दाबत पुढे जा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

डिस्क टक-टक वाजते आहे, किंवा १९७चा आकडा दर तपासणीला वाढतो आहे: मशीन बंद करा, प्लग काढा. एफएसचेक नको, 'एकदा चालू करून बघू' नको. प्रत्येक चालू करण्याने परत मिळणारा डेटा कमी होतो. ते काम डेटा रिकव्हरीवाल्याचं आहे. आणि 'आधी दर सांगा, डेटा मिळाला तरच पैसे' हे बोलणं डिस्क हातात देण्याआधी करून घ्या.

रूट लक्सने एन्क्रिप्ट केलेली आहे, एलव्हीएमवर आहे, किंवा दोन डिस्कच्या रेडवर आहे, आणि ती कुणी मांडली ते तुम्हाला ठाऊक नाही: ग्रबची ओळ फोटो काढून ठेवा, बदलू नका. ज्याने मांडली त्यालाच बोलवा. रेडमधली चुकीची डिस्क मुख्य धरली गेली तर जुना डेटा नव्यावर चढतो.

एफएसचेकने एकदा दुरुस्त केलं आणि आठवड्याभरात पुन्हा तीच तक्रार, केबल बदललेली, यूपीएस ठीक: रॅम किंवा बोर्ड असू शकतं. मेमटेस्ट रात्रभर लावून बघायला हरकत नाही. त्यापुढे सुटे भाग अदलाबदल करून बघावे लागतात, आणि ते ज्याच्या दुकानात पडलेले असतात त्याच्याकडेच मशीन न्यावं.

त्याला सोबत तीन गोष्टी द्या: डीमेसेजचा फोटो, सीएमडीलाइनचा फोटो, आणि एफएसटॅबची तुम्ही हात लावण्याआधीची प्रत.